तानपुरा ऐकू यावा म्हणून

वडिलांनी तीस वर्षांत जमवलेल्या दीडशेच्या आसपास सीडी गेल्या वर्षी माझ्याकडे आल्या. त्यांत बहुतेक ख्यालगायन, थोडे वाद्यसंगीत आणि काही नाट्यपदे आहेत. हा ठेवा घरच्या संगणकावर उतरवायचा आणि त्याच संगणकावरून असा ऐकायचा की गायकाच्या मागचा तानपुरा स्वतंत्रपणे कानावर यावा, एवढेच मी ठरवले होते. तानपुऱ्याचा नाद बारीक आणि अखंड असतो. गायक थांबला की तोच उरतो, आणि यंत्रणेतील कोणताही दोष तिथेच आधी उघडा पडतो.

सीडी उतरवण्याचे काम सर्वांत कंटाळवाणे, पण तिथे घाई करू नये. ओरखडे पडलेल्या सीडीवरून वाचताना साधे सॉफ्टवेअर चुका दडपून पुढे जाते. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी मात्र शंकास्पद भाग पुन्हा पुन्हा वाचते आणि इतरांनी उतरवलेल्या त्याच सीडीशी आपली प्रत ताडून पाहण्याची सोयही देते. माझ्याकडील बऱ्याच सीडींची नोंद तिथे सापडली नाही, म्हणून त्या प्रत्येकी दोनदा वाचून दोन्ही वाचने जुळतात का हे तपासले.

साठवणुकीसाठी फ्लॅक हा फाइलप्रकार निवडला. सीडीवरील ध्वनी डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंसाठी दर सेकंदाला 44,100 नमुने आणि प्रत्येक नमुन्याला 16 बिट या मापाने नोंदलेला असतो, म्हणजे तासाभराच्या सीडीला सुमारे 635 एमबी लागतात. फ्लॅकमध्ये त्यातला एकही बिट न गमावता जागा जवळपास निम्मी होते. एमपी3 मी टाळले, आणि त्यामागे केवळ दर्जाचे कारण नाही. अनेक सीडींवर विलंबित आणि द्रुत या दोन स्वतंत्र फाइली होतात, तबला मात्र मध्ये थांबलेला नसतो. एमपी3 बनताना फाइलीच्या आरंभी आणि शेवटी किंचित शांतता भरली जाते, आणि प्लेअरने ती नीट कापली नाही तर नेमक्या समेच्या तोंडाशी ठेका अडखळतो. फ्लॅकमध्ये ही अडचण मुळातच नाही.

आता संगणकाकडे. विंडोज सर्व प्रोग्रामांचे आवाज एकत्र मिसळते आणि त्यासाठी सर्वांना नमुन्यांच्या एकाच दरावर आणते, जो माझ्या संगणकावर 48,000 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 48,000 नमुने, होता. म्हणजे सीडीचा प्रत्येक नमुना वाटेत नव्याने मोजला जात होता. फूबार2000 या प्लेअरच्या आउटपुट सेटिंगमध्ये त्याच उपकरणाचा ‘एक्सक्लुझिव्ह’ पर्याय निवडल्यावर हे मिश्रण वगळले जाते. माझ्या डॅकच्या, म्हणजे संगणकाकडून आलेल्या आकड्यांचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणाऱ्या उपकरणाच्या, पडद्यावरचा आकडा 48 वरून 44.1 झाला, तेव्हा खात्री पटली. आणखी एक लाभ असा की मारव्याच्या आलापात ईमेलची घंटा वाजत नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर या बदलाने आवाजात पडलेला फरक मला अगदी सूक्ष्म वाटला.

मोठा फरक दुसऱ्याच गोष्टीने पडला. डॅक यूएसबीने जोडल्यावर स्पीकरमधून सतत एक मंद गुणगुण येत होती आणि तानपुऱ्याचा खर्ज तिच्यात बुडत होता. संगणक आणि अॅम्प्लिफायर दोन्ही थ्री-पिन प्लगचे, त्यामुळे दोघांचे अर्थिंग भिंतीतून जोडलेले होते आणि तारांमधून पुन्हा जोडले जात होते. या बंद वेटोळ्यातून विजेचा 50 हर्ट्झचा प्रवाह फिरत राहतो. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावल्यावर गुणगुण कमी झाली. शेवटी मदरबोर्डच्या ऑप्टिकल सॉकेटमधून डॅकपर्यंत केबल नेली, ज्यातून फक्त प्रकाश जातो, आणि गुणगुण पूर्ण थांबली. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो जीवघेणा आहे, कृपया कोणीही मानू नये. महागड्या यूएसबी केबलवरही मी खर्च केला नाही, कारण आकडे नीट पोहोचत असतील तर महाग केबल त्यांत काहीच भर घालत नाही, आणि पोहोचत नसतील तर कटकट आवाज येऊन दोष लगेच कळतो.

उरला प्रश्न खोलीचा. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंतींवरून तबल्याचा घुमारा परत येत होता. सतरंजी अंथरली, खिडकीला जाड पडदा लावला, स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे आणून कानाच्या उंचीवर ठेवले, आणि दोन स्पीकर व माझी खुर्ची यांचा समभुज त्रिकोण केला. पंख्याचा आवाज होणारा संगणकाचा डबा टेबलाखाली सरकवला.

सध्या संध्याकाळी फाइलींना माहिती जोडण्याचे काम चालू आहे. प्लेअर गायक, अल्बम आणि संगीतकार विचारतो, पण राग विचारत नाही. फ्लॅकमध्ये हवे ते रकाने वाढवता येतात, म्हणून राग, ताल आणि साथीदार असे तीन रकाने मी केले असून ते देवनागरीतच भरतो. रोमन लिपीत एकाच रागाची तीन-चार स्पेलिंगे होतात आणि शोधताना निम्मी ध्वनिमुद्रणे हाती लागत नाहीत. यमनच्या अकरा मैफली आता एका खाली एक दिसतात. भैरवीच्या अजून मोजायच्या आहेत.