मस्कीसाठी छोटे ग्लाइड बेट, नोंद ३: गळ बदलल्यावर काटा काय म्हणतो

मस्की म्हणजे उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा, आणि ग्लाइड बेट म्हणजे ठोका दिला की डावी-उजवीकडे घसरणारं कडक नकली आमिष, म्हणजेच लूर. मोठ्या ग्लाइड बेटांचं काम मागच्या नोंदीत संपलं. या वेळी फक्त चार ते सहा इंचांचे लूर घेतले आहेत, म्हणजे साधारण १० ते १५ सेंटिमीटर. हे हत्यार अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सेंट क्लेअर तलावात जूनमध्ये वापरण्यासाठी आहे आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या नितळ, रोज शंभर लूर पाहून विटलेल्या तलावांसाठी आहे. अंडी घालून झालेला मस्की उथळ पाणगवताच्या कडेला पडून असतो. दहा इंची लूर पाहून तो तोंड फिरवतो, पण पर्च माशाच्या मापाचं काही अडखळत समोरून गेलं तर घेतो. थंड वारा येऊन आभाळ लख्ख झालं की दुसऱ्या दिवशीही हेच चालतं. पाणी ५५ ते ६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे १३ ते १८ सेल्सिअस, हा छोट्या ग्लाइडरचा खरा काळ.

विकत घेताना बहुतेक जण लांबी आणि रंग बघतात. रंगाचं सोडा. छोट्या ग्लाइडरमध्ये बघायची गोष्ट एकच: मस्कीला पेलतील असे गळ लावल्यावर लूरचं पाण्यातलं वजन किती उरतं. पाकिटावर छापलेलं ‘सिंकिंग’ किंवा ‘फ्लोटिंग’ हे कारखान्यातल्या गळांसह असतं, आणि या मापाच्या लूरवरचे कारखान्यातले गळ बहुधा पाइक या मस्कीच्या छोट्या भाऊबंदाच्या हिशेबाने लावलेले असतात. मस्कीने डोकं झटकलं की पातळ तारेचा ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचा गळ, सरळ होतो. तो बदलावा लागतोच, आणि बदलला की लूर वेगळाच होऊन बसतो.

हे मोजायला लोणच्याची रिकामी प्लास्टिकची बरणी पुरते. काचेची नको, कारण ०.१ ग्रॅम दाखवणारे स्वयंपाकघरातले काटे बहुधा दोन-तीन किलोपर्यंतच तोलतात आणि पाण्याने भरलेली काचेची बरणी त्यातलं बरंच खाते. आधी लूर सगळे गळ आणि ते अडकवायच्या कड्यांसकट (स्प्लिट रिंगा) कोरडा तोला. मग बरणीत लूर बुडेल इतकं पाणी घेऊन ती काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. लूर बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण सोडा, तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. आता काटा दाखवतो ते लूरने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरडं वजन ४६ आणि काट्यावर ४२ आलं, तर लूर पाण्यात ४ ग्रॅमचा आहे. उभा टांगला की आडवा, फरक पडत नाही. गळाच्या बेचक्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि आकडा खोटा येतो. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका आणि लूर दोनदा झटका. तरंगणारा लूर सुईच्या टोकाने जेमतेम पाण्याखाली दाबून धरा. काटा कोरड्या वजनापेक्षा जेवढं जास्त दाखवेल तेवढी त्याची तरंगण्याची ताकद.

आता यातली गोम. लूर बुडण्याचा वेग पाण्यातल्या वजनाच्या वर्गमुळाने बदलतो. ४ ग्रॅमच्या लूरमधून १ ग्रॅम काढलात तर वेग जेमतेम १३ टक्के घटतो. वेग निम्मा करायचा तर ४ चा १ करावा लागतो. ‘एवढं शिसं कोरून काढलं तरी धोंड्यासारखा जातोय’ ही तक्रार येते ती यामुळेच. उलट बाजूने बघा: पाण्यात २ ग्रॅमचा, गवतावरून निवांत उतरणारा लूर आहे आणि दोन जाड ट्रेबल लावून कोरडं वजन ३ ग्रॅमने वाढलं. पोलादाचा १ ग्रॅम पाण्यात सुमारे ०.८७ भरतो, म्हणजे २ चे ४.६ झाले आणि बुडण्याचा वेग दीडपट. चार फूट पाण्यातल्या गवतावर हा लूर आता दर थांब्याला गवत घेऊन येणार.

म्हणून उथळ पाण्यासाठी तरंगणारी जात घ्यायची आणि जाड गळांनी तिला हळू बुडणारी करायची, हा मार्ग सोपा पडतो. उदाहरणाला साल्मो या मूळच्या पोलिश ब्रँडचा स्लायडर १०. तरंगणारा ३६ ग्रॅम, बुडणारा ४६. लांबी तीच, फरक दहा ग्रॅमचा, आणि तटस्थ वजन, ज्यावर लूर ना तरंगतो ना बुडतो, या दोनांच्या मध्ये कुठेतरी. तरंगणाऱ्यावर जाड १/० मापाचे ट्रेबल आणि भक्कम रिंगा चढवून बरणीत सोडा. अजून तरंगत असेल तर पुढच्या गळाच्या दांड्यावर सोल्डरची तार गुंडाळत जा, दर वेळी अर्धा ग्रॅम. पाण्यात अर्धा ते एक ग्रॅम उरला की थांबा. तार पुढच्या गळावर गुंडाळल्याने नाक किंचित खाली राहतं आणि वळण चटकन घेतलं जातं. मागच्या गळावर घातली तर शेपूट लोंबते, लूर लांब घसरतो खरा पण वळायच्या आधी मरतो.

पाण्याचं तापमानही इथे लुडबुड करतं. २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यापेक्षा १० अंशांचं पाणी सुमारे ०.२७ टक्के जड असतं. ४२ घनसेंटिमीटरच्या लूरला त्यामुळे ०.११ ग्रॅम जादा आधार मिळतो. पाण्यात ४ ग्रॅमच्या लूरला याचं सोयरसुतक नाही. पण घरी ०.३ ग्रॅमवर आणलेल्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग यात जातो, आणि मे महिन्यात तो आणखी हळू बुडतो. बरणीत फ्रिजचं पाणी मिसळून तापमान जुळवून घ्या.

गळ किती मोठा चालेल, याची तपासणी हातानेच होते. पुढचा ट्रेबल मागे आणि मागचा पुढे ओढा; दोन टोकांत किमान ५ मिलिमीटर फट हवी. मग प्रत्येक गळ वर फिरवून बघा. टोक पाठीवर चढून अडकत असेल तर माप एकने कमी करा, तार मात्र जाडच ठेवा. साडेचार इंचांखालच्या बऱ्याच लूरमध्ये १/० बसतच नाही. असे लूर दिसायला कितीही गोड असले तरी मस्कीच्या डब्यातून काढलेले बरे. ते पाइकला द्या.

लीडरकडे, म्हणजे दोरी आणि लूर यांच्यामधल्या दातांना दाद न देणाऱ्या तुकड्याकडे, छोट्या लूरमध्ये जास्तच लक्ष द्यावं लागतं. मऊ पिळाची तार ढील मिळाली की गळांवर गुंडाळते, आणि ग्लाइडरला तर ढील द्यावीच लागते. एकेरी पोलादी तार, ०.७४ मिलिमीटर जाड, ३० सेंटिमीटर लांब: वजन साधारण १ ग्रॅम, पाण्यात ०.९. वर स्नॅप (लूर अडकवायचा चाप) आणि स्विव्हल (फिरती कडी) यांचं वजन वेगळं. पाण्यात एक ग्रॅमच्या लूरच्या नाकाला हे ओझं दिसतं. १३० पाउंड ताण पेलणाऱ्या फ्लुरोकार्बनचा, म्हणजे जाड पारदर्शक प्लास्टिक दोरीचा, तेवढाच तुकडा पाण्यात ०.२ ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यामुळे जवळजवळ तटस्थ लूरला फ्लुरोकार्बन आणि ३ ग्रॅमपुढच्यांना पोलाद, अशी वाटणी ठेवली आहे. फ्लुरोकार्बनवर नखाला लागेल असा ओरखडा दिसला की तो बदला. दात लागल्यावर ‘अजून एक दिवस’ करू नका.

रॉड १ ते ४ औंसांचा, सात ते पावणेआठ फूट. साडेआठ फुटी जाड रॉड ४५ ग्रॅमने वाकतच नाही, मग जोर लावून फेकावं लागतं आणि रीलमध्ये दोरीचा खोपा होतो. दोरी ६५ पाउंडी ब्रेड, म्हणजे विणलेली. ५० ची लांब जाते, पण फेक मध्येच अडकली तर महागाचा लूर एकटाच तलावात पुढे जातो.

चालवायची रीत: रॉडचं टोक पाण्याकडे, १५-२० सेंटिमीटरचा खाली ठोका, लगेच टोक परत आणि हँडलचा अर्धा फेरा. लूर घसरत असताना दोरी सैल दिसली पाहिजे. लूर एकाच बाजूला पळत असेल तर नव्वद टक्के वेळा दोष हातात असतो, ठोक्यानंतर टोक परत जात नाही. हात बरोबर असेल तर पुढची कडी मधोमध आहे का ते समोरून बघा. मरळीवर नकली बेडूक वापरलेल्यांना खच्चून ओढायची सवय असते. हुक बसवताना ती इथे कामी येते, ठोक्यात मात्र तीच घात करते: लूर कुशीवर पडतो आणि सरळ ओढला जातो.

फेक संपताना बोटीजवळ रॉडच्या टोकाने पाण्यात इंग्रजी 8 काढताना छोटा ग्लाइडर थोडा अडचणीचा, कारण तो सलग ओढला की निव्वळ काठी होतो. टोक पाण्यात बुडवून वळण रुंद घ्या, आणि वळणाच्या बाहेर पडताना एकच हलका ठोका द्या.

छोटा लूर मासा खोल घेतो. २८ सेंटिमीटरचा पक्कड, गळ कापायची कात्री आणि मोठ्या पिशवीची जाळी बोटीत नसेल तर हे लूर घरीच ठेवा. मासा जाळीत, पाण्यातच ठेवून गळ कापायचा.  पाणी ८० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे २७ सेल्सिअसच्या वर गेलं की मस्कीचा नाद सोडायचा, सोडलेला मासाही बऱ्याचदा वाचत नाही.

डब्याची सद्यस्थिती: हळू बुडणारे दोन, मध्यम दोन, तटस्थ एक. प्रत्येकाच्या पोटावर कायम शाईने कोरडं आणि पाण्यातलं वजन लिहिलं आहे. लाकडी दोन्ही पाइकच्या दातांनी सोलले गेलेत. एक रात्रभर पाण्यात ठेवून, पुसून तोलला तर अर्धा ग्रॅम वाढला, म्हणजे इपॉक्सीखाली पाणी शिरतंय. आठवडाभर सुकवून, वजन मूळ आकड्यावर आल्यावरच त्यावर नवा थर चढेल. ओल्यावर चढवला तर पाणी आतच कोंडतं आणि पोटावरचा आकडा फुकट जातो.