तांब्या आणि पुठ्ठ्यांचं बोचकं

मंगळवार, रात्री पावणेदहा

हाताला अजून पितळेचा वास येतोय. दोनदा साबण लावला तरी जात नाही, आणि जाऊही नये असं वाटतंय.

ऊन चढायच्या आत, साडेसातलाच बाहेर पडले. मंगळवार बाजाराच्या दिवशी बाकीच्या बायका भाजीच्या पिशव्या घेऊन निघतात, मी पर्समध्ये लोहचुंबक टाकून निघते. चाचांचं भंगाराचं दुकान म्हणजे पत्र्याची लांबट शेड. तोंडाशी वजनकाटा, आत अंधार.

"काय हुडकायलाव ताई आज?" चाचांनी विचारलं.

ते मला तरी कुठं ठाऊक असतं? अमुकच पाहिजे म्हणून गेलं की हाती काही लागत नाही. कुकरची झाकणं, सायकलच्या रिमा, शिवणयंत्राची पायटी बाजूला सारत आत सरकायचं. मग मध्येच हात थबकतो. त्या थबकण्यासाठीच मी जाते.

आज तो तांब्यावर थबकला. पितळी, बुडाला जाड, गळ्याशी एक पोचा. लोहचुंबक चिकटला नाही, म्हणजे आत लोखंड नाही. नखानं टिचकी मारली तर नाद कितीतरी वेळ घुमत राहिला. आतली कल्हई पार उडालेली, म्हणजे ताक-बिक ठेवलं तर कळकणार. पण कल्हई काय, करून घेता येते. नवसागराचा धूर आणि कापसाच्या बोळ्यानं फिरलेलं चकाकतं कथील लहानपणी दारात उभं राहून पाहिलंय, अजून डोळ्यांसमोर आहे. अंगठ्यानं काजळी पुसली तर खांद्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं. अक्षरं गोलगोल, मला न वाचता येणारी. तेलुगू. पुढं आकडे मात्र आपले नेहमीचे, १९६२.

मोडीत वितळायला निघालेलं भांडं, कुणाच्या तरी लग्नातलं. चाचांनी काट्यावर टाकलं, साडेसहाशे ग्रॅम भरलं. साडेचारशे रुपये म्हणाले, तीनशे ऐंशीला दिलं. घासाघीस मी करते, पण शेवटच्या रुपयापर्यंत ताणत नाही; पुढच्या वेळी त्यांनी माझ्यासाठी काही बाजूला ठेवावं असं वाटत असेल तर ताणूही नये. नवी भांडी आम्ल लावून काळी करायची आणि पुरातन म्हणून चौपट दरानं विकायची, हा प्रकार मात्र मला अजिबात सहन होत नाही. तिथं मी उभीही राहत नाही.

निघता निघता रद्दीच्या पोत्यातून काहीतरी लोंबताना दिसलं. ओढलं तर येतच राहिलं. लांबट, जाड पुठ्ठे, दोरीनं एकमेकांना ओवलेले, आणि प्रत्येकावर भोकंच भोकं. जेकार्डचे पुठ्ठे, मागावर नक्षी विणून घेणारे! ज्या सोलापुरात 1877 साली पहिली कापडगिरणी उभी राहिली, ज्या गावची चादर घरोघरी अंथरली जाते, तिथं ही नक्षी रद्दीत. साठ रुपये म्हणाले, मी निमूट काढून दिले.

संध्याकाळी दोन्ही वस्तू घेऊन गल्लीतल्या ताताकडं गेले. गल्लीतली लहान-मोठी सगळीच त्यांना ताता, म्हणजे तेलुगूत आजोबा, म्हणतात. उभा जन्म विणकरांच्या पूर्व भागात मागावर गेला त्यांचा. चष्मा वर करून आधी तांब्या घेतला, नाव मोठ्यानं वाचलं. तेलुगू लोकांत इंटिपेरु, म्हणजे घराण्याचं नाव, आधी येतं आणि माणसाचं मागून. (कुणाच्या घरचं आहे, म्हणून इथं लिहीत नाही.) "बाईचं नाव आहे," म्हणाले, आणि पुन्हा एकदा वाचलं, जरा हळू.

मग पुठ्ठे. ते त्यांनी मांडीवर पसरले आणि बोटानं भोकं चाचपत गेले. "एक पुठ्ठा, एक बाणा, म्हणजे एक आडवा धागा," म्हणाले. "भोक असलं तिथला ताणा, उभा धागा, वर उचलतो, नसलं तिथला खाली राहतो. मधून आडवा धागा घेऊन धोटा गेला की पुढचा पुठ्ठा येतो." फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास जेकार्डनं बसवलेली ही युक्ती शाळेत एकदा वाचली होती, आज एका म्हाताऱ्या बोटाखाली समजली. मला न येणाऱ्या दोन लिप्या त्यांनी एका बैठकीत वाचल्या.

मोर आहे का फूल, मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. नक्षी काढलेला आलेखाचा कागद समोर असल्याशिवाय नुसत्या भोकांवरून सांगता येत नाही, म्हणाले. कडेला शाईनं आकडे होते, ते मोजत गेले आणि एका जागी थांबले. "पोरी, इथं बघ." ४१ नंतर एकदम ५७. मधले पंधरा पुठ्ठे नाहीत. एवढे बाणे गळाले तर नक्षी मध्येच तुटणार. त्यांनी दोरीचं सुटलेलं टोक गाठ मारून बांधलं, उगाच, सवयीनं.

येतानाच चाचांना फोन केला. ते पोतं अजून तसंच आहे. तोंड बांधून बाजूला ठेवतो म्हणाले, पुढच्या मंगळवारपर्यंत.