सरवाळी समाजाची बांधणी : सातवी नोंद

माझ्या काल्पनिक जगातील सरवाळी या व्यापारी समाजाचे नाव ज्यावरून पडले, तो सरवा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे : कापणीनंतर शेतात उरलेली कणसे. ती वेचण्याचा हक्क परक्या वाटसरूलाही असावा, हा या समाजाचा पहिला कायदा. परंतु सहाव्या नोंदीपर्यंत हे व्यापारी आपला नफा केवळ स्वभावाने वाटून घेत होते आणि ते मला पटेनासे झाले होते. दिवसभर गुंजभर सोन्यासाठी घासाघीस करणारा माणूस रात्री आपली थैली शेजाऱ्यापुढे का रिकामी करील? वाटून घेण्यातच ज्याचे त्याचे हित असेल, अशी व्यवस्था हवी होती.

ती मला धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठी मिळाली. तेथील फड पद्धत शेकडो वर्षे जुनी आहे. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखाली जमिनीचे मोठे भाग, म्हणजे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, मग तो ऊस असो वा गहू. शेतकऱ्याची जमीन एकाच ठिकाणी नसून निरनिराळ्या फडांत थोडी थोडी असते. त्यामुळे पाणी कमी पडले आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तरी त्याची झळ सर्वांनाच बसते, कोणी एकटा बुडत नाही. शिवाय आपल्या शेताला पाणी शेतकरी स्वतः देत नाही, ते काम पाटकऱ्याचे. साक्रीकडे मी एका पाटकऱ्याला काम करताना पाहिले. त्याने फावड्याच्या दोन घावांत मातीचा बांध फोडला, वाफा भरेपर्यंत तो काठावर उभा राहिला आणि नंतर गवताची पेंढी व ओली ढेकळे लावून त्याने तोंड बुजवले. शेताचा मालक तेथेच उभा होता, पण त्याने पाण्याला हात लावला नाही.

हीच रचना मी आता सरवाळींच्या तांड्यांना, म्हणजे माल वाहणाऱ्या बैलांच्या काफिल्यांना, लावली आहे. त्यांच्या प्रदेशातील सरवा नदी तापीप्रमाणे पश्चिमेकडे वाहते. मुखाशी सुरतेसारखे बंदर आणि वरच्या अंगाला बऱ्हाणपुरासारखे कापडाचे शहर आहे. या दोहोंमध्ये चार वाटा आणि चार तांडे असून प्रत्येक घराण्याचा माल चारही तांड्यांत समान विभागलेला असतो. एक तांडा पुरात गेला, तर प्रत्येकाचा चौथा हिस्सा जातो, पण घर उभे राहते. हुंडी म्हणजे पैसे देण्याची व्यापाऱ्यांची लेखी चिठ्ठी. आपल्याकडच्या जोखमी हुंडीत माल पोहोचला तरच पैसे देय होत, म्हणजे वाटेतली जोखीम हुंडी घेणाऱ्यावर असे. सरवाळी हुंडीत ती चारही वाटांवरच्या गावांनी मिळून उचलली आहे. म्हणूनच घाटातील पूल दुरुस्त ठेवण्याची निकड प्रत्येक गावाला वाटते.

पाटकऱ्याच्या जागी मी मापाडी, म्हणजे माल मोजणारा, ठेवला. बाजार समितीत अडत्या, हमाल आणि मापाडी यांची कामे वेगवेगळी असतात, ते येथे उपयोगी पडले. सरवाळी मापाड्याच्या नावावर मालाची एकही गोणी असू शकत नाही. त्याची मजुरी म्हणजे मोजलेल्या प्रत्येक गोणीतील एक ओंजळ धान्य, तीही विकणाऱ्याने स्वतः भरून द्यायची. या पात्रावर माझा विशेष जीव आहे आणि पुढील कथा त्याच्याच तोंडून सांगण्याचे ठरवले आहे.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. ज्याची जमीन कोणत्याच फडात नाही आणि ज्याचा माल कोणत्याच तांड्यात नाही, असे नवे कुटुंब वसतीला आले तर त्याने सुरुवात कोठून करावी? सध्या मी त्याला सरव्याचा हक्क आणि चौथ्या तांड्यात एका बैलाच्या पाठीएवढी जागा दिली आहे. चौथी वाट सातपुड्यासारख्या डोंगरातून जाते, सर्वांत धोक्याची आहे आणि तिचा नकाशा अजून काढायचा आहे.