विसाव्या मजल्यापर्यंत पाणी आणू नका

हवामानबदलावर कुमारवयीन वाचकांसाठी डिस्टोपियन, म्हणजे भविष्यातल्या बिघडलेल्या जगाची, कादंबरी लिहायला घेतली असेल, तर कथा कुठल्या साली घडते ते आधी ठरवा. समजा 2090. नायिका 16 वर्षांची, म्हणजे जन्म 2074चा. सुसह्य उन्हाळा, चोवीस तास वाहणारा नळ तिने पाहिलेलाच नाही. ‘पूर्वी किती छान होतं’ हे उसासे तिच्या तोंडी शोभत नाहीत, ते आजीचं काम. आजी म्हणजे आज शाळेत जाणारी मुलगी. तिच्या गोष्टी नातीला निव्वळ थापा वाटल्या पाहिजेत.

साल ठरलं की समुद्र किती चढवायचा यालाही मर्यादा येते. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या सहाव्या अहवालात 2100पर्यंतची शक्य वाढ ढोबळमानाने 0.3 ते 1 मीटर आहे; बर्फाचे थर वेगाने ढासळले तर जास्त. पृथ्वीवरचा सगळा बर्फ वितळला तरी पाणी 65-70 मीटरच चढेल, आणि त्याला हजारो वर्षं लागतील. तेव्हा विसावा मजला विसरा.

मीटरभर पाणीही कथेला पुरून उरतं. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर ते जितकं, त्याच्या साधारण 40 पट खाली. बेसुमार उपशाने गोड्या पाण्याची पातळी 1 मीटर उतरली, तर खालचं खारं पाणी कालांतराने 40 मीटर वर सरकू शकतं. लाट उंबऱ्याशी येण्याच्या कितीतरी आधी विहिरी मचूळ होतात आणि माणसं गाव सोडतात.

आता कथेतल्या वस्तीचा हिशेब मांडा. समजा तिथे 600 माणसं आहेत. आपत्तीत माणशी रोज किमान 15 लिटर पाणी धरतात. म्हणजे 600 माणसांना 9000 लिटर. समुद्राचं पाणी आरओने गोडं करायला मोठ्या प्रकल्पात हजार लिटरला 3-4 युनिट वीज लागते. छोटा संच दुप्पट खाईल असं धरलं तरी रोजची 70 युनिटं, म्हणजे चांगल्या उन्हात 18-20 किलोवॉटचे सोलर पॅनल. पॅनल 25-30 वर्षं टिकतात. बॅटऱ्या त्याआधीच मान टाकतात, म्हणून पंप दिवसाच चालवायचा. मग ‘पाणी बनवायला वीज नाही’ असं सत्ताधारी सांगत असतील, तर ते खोटं आहे, आणि गुणाकार येणारी कुठलीही मुलगी ते पकडू शकते. कथानकाचा हा सांधा बऱ्याच लेखकांच्या हातून निसटतो, कारण त्यांनी हिशेबच केलेला नसतो.

खरा तुटवडा मेम्ब्रेनचा, म्हणजे आरओमधल्या मीठ अडवणाऱ्या पडद्याचा. ती नीट निगा राखली तर 5-7 वर्षं चालते, आणि वस्तीत बनवता येत नाही. त्यामुळे पाण्याच्या टाकीवर बंदूकधारी पहारा बसवण्यापेक्षा मेम्ब्रेनच्या कोठाराची किल्ली कुणाकडे आहे ते ठरवा. घातपातही इथेच घडवा. नेहमीच्या मेम्ब्रेनला क्लोरीन सोसत नाही. येणाऱ्या पाण्यात कुणी ते गुपचूप सोडत राहिलं तर ती कायमची बाद होते. पण यंत्र बंद पडत नाही. पाणी येतच राहतं, फक्त दिवसेंदिवस थोडं अधिक खारट. खारटपणा मोजायचा मीटर कोठारवाल्यांच्याच ताब्यात ठेवा, आणि नायिकेला पाणीवाटपाच्या रांगेवर कामाला लावा.