काका पुसा!

दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेचं प्रकरण नाणी, फासे आणि पत्ते एवढ्यावर आटोपतं. आमच्या गणिताच्या बाई मात्र तेवढ्यावर थांबायच्या नाहीत. सापशिडीच्या डब्यातले फासे आणायला सांगायच्या. त्यावरून एका पालकांनी 'शाळेत जुगार शिकवता का?' असं विचारल्याचं आठवतं. बाईंनी त्यांना सरळ मागच्या बाकावर बसवून घेतलं.

दोन नाणी उडवली. निदान एकावर छापा आहे एवढंच कळलं, तर दोन्हींवर छापा असण्याची शक्यता किती? अख्खा वर्ग ओरडला, 'निम्मी!' बाईंनी फळ्यावर लिहिलं: छाछा, छाका, काछा, काका. शेवटच्या जोडीला हशा पिकला. "एक तरी छापा आहे ना? मग काका पुसा!" उरल्या तीन जोड्या, हवी ती एकच, म्हणजे १/३. आणि 'पहिल्या नाण्यावर छापा आहे' असं कळलं तर? मग काछाही पुसायचं. आता मात्र निम्मी. या दोन वाक्यांतल्या फरकावरून मधल्या सुट्टीतही भांडणं चालायची.

फाशांना छत्तीस घरांचा तक्ता. दोन फाशांपैकी निदान एकावर तीन पडण्याची शक्यता ११/३६. बेरीज आठ आली असं आधीच कळलं, तर डस्टरनं एकतीस घरं साफ. राहिली (२,६), (३,५), (४,४), (५,३), (६,२). त्यांतल्या दोनांत तीन आहे, म्हणून २/५. पुढे कॉलेजात सशर्त संभाव्यतेचं (एक गोष्ट आधीच कळल्यावर दुसरीची शक्यता काढायचं) सूत्र आलं, तेव्हा भागाकाराच्या रेघेखाली काय लिहायचं ते मला पाठ करावं लागलं नाही. पुसून जे उरतं, ते रेघेखाली.

आज मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. नव्या मुलांना मी एक हिशेब घालते. हजारात दहा जण आजारी. चाचणी आजाऱ्यांपैकी ९० टक्के पकडते आणि निरोगी माणसांपैकी १० टक्क्यांना उगाचच पॉझिटिव्ह ठरवते. पॉझिटिव्ह आलेला माणूस खरंच आजारी असण्याची शक्यता किती? बहुतेक जण ९० टक्के म्हणतात. पण खरे पॉझिटिव्ह ९, खोटे ९९. निगेटिव्ह आलेले सगळे पुसले की उरतात १०८, आणि त्यांत आजारी फक्त नऊ. बारांत एक! म्हणून तर पहिल्या पॉझिटिव्हनंतर पुष्कळदा दुसरी चाचणी करायला सांगतात. पेशंटला मात्र वाटतं, लॅबवाले बिल वाढवतायत.