घोड्यांवरून पेटलेला हक्कभंग

किंग्स्टनला आलेला मराठी माणूस सबाइना पार्क हे क्रिकेटचं मैदान पाहिल्याशिवाय राहत नाही. दिलीप सरदेसाईंनी १९७१ साली २१२ केल्या त्या इथेच! ते उरकून मी स्पॅनिश टाउनची रूट टॅक्सी पकडली. टॅक्सी खचाखच भरल्याशिवाय निघत नाही, हा नियम इथेही आहे.

१८७२ पर्यंत जमैकाची राजधानी हीच. चौकाच्या पश्चिमेला ब्रिटिश गव्हर्नरचं किंग्ज हाऊस, पूर्वेला असेंब्ली, म्हणजे इथली विधानसभा. एका दारातून हाक मारली तर दुसऱ्यात ऐकू जावी इतपत अंतर. १९२५ च्या आगीनंतर किंग्ज हाऊसची फक्त दर्शनी भिंत राहिली आहे. पांढरे खांब, लाल विटा आणि खिडक्यांतून मागचं आभाळ. असेंब्लीच्या इमारतीत खाली विटांच्या कमानी, वर लांबलचक सज्जा. उन्हाने हैराण होऊन मी त्या कमानींखाली टेकलो.

याच असेंब्लीची एक गोष्ट आठवली. डिसेंबर १७६४. जॉन ऑलिफंट या सदस्याचे बग्गीचे घोडे कर्जापायी जप्त झाले. अधिवेशनकाळात सदस्याच्या मालमत्तेला हात? असेंब्लीने हक्कभंग ठरवून जप्तीवाल्यांनाच कोठडीत टाकलं. गव्हर्नर विल्यम लिटल्टन हा चॅन्सरी कोर्ट या वरच्या न्यायालयाचाही प्रमुख. त्याने हेबियस कॉर्पसखाली, म्हणजे बेकायदा कोठडीतून सोडवण्याच्या हुकमाने, त्यांना सोडून दिलं. मग काय, भडकाच उडाला! गव्हर्नरने असेंब्ली बरखास्त केली. पुढे पुन्हा निवडून आलेल्या असेंब्लीचा सभापती चार्ल्स प्राइस गव्हर्नरकडे रिवाजाप्रमाणे सदस्यांचे हक्क मागायला तयार होईना. आमचे हक्क आमचेच, तुमच्याकडे कशाला मागायचे? तीही बरखास्त. तिकडे कामकाज ठप्प, सैन्याच्या खर्चाचाही खोळंबा. अखेर १७६६ मध्ये लिटल्टन मायदेशी गेला आणि त्याच्या जागी आलेल्या रॉजर एलेटसनने कोर्टाच्या दप्तरातली ती कारवाई रद्द केली. असेंब्ली जिंकली.

जिंकली खरी, पण मला टाळ्या वाजवाव्याशा वाटेनात. ही मंडळी उसाच्या मळ्यांची मालक. चारच वर्षांपूर्वी, १७६० मध्ये, टॅकीच्या नेतृत्वाखाली गुलामांनी केलेला उठाव त्यांच्या राज्यात रक्तात बुडवला गेला होता. घोड्यांसाठी ब्रिटिश स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्यांच्या मळ्यांवर माणसंच मालमत्ता होती, आणि कर्जापायी तीही जप्त होत.

त्या गुलामांना पूर्ण स्वातंत्र्य मिळाल्याची घोषणा १ ऑगस्ट १८३८ ला समोरच्या किंग्ज हाऊसच्या पायऱ्यांवरून वाचली गेली. आणि असेंब्ली? १८६५ मध्ये मोरंट बे या गावी काळ्या लोकांचा उठाव झाला, तेव्हा सत्ता काळ्यांच्या हाती जाईल या धास्तीने तिने आपलं अस्तित्व आपणहून ब्रिटिश राजसत्तेच्या हवाली केलं.