एकच डिझेल गाडी, दोन मायलेज

माझी डिझेल स्विफ्ट २०१२ सालची आहे आणि ती घेतल्यापासून भरलेल्या प्रत्येक लिटरची नोंद मी एका वहीत ठेवत आलो आहे. तारीख, किलोमीटर, लिटर आणि रुपये असे चारच रकाने आहेत. गाडी ‘अ‍ॅव्हरेज किती देते’ हा प्रश्न आपल्याकडे इतक्या सहज विचारला जातो आणि त्याचे उत्तरही एका आकड्यात इतक्या खात्रीने दिले जाते, की त्या आकड्याच्या पोटात काय दडले आहे हे पाहण्याची वेळ सहसा येत नाही. माझ्यावर ती २०१८ मध्ये आली.

त्याआधीची सहा वर्षे मी पुण्यातल्या खराडीहून रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला जात होतो. एका बाजूचे अंतर ४२ किलोमीटर होते. वाघोली आणि शिक्रापूरची कोंडी सोडली तर गाडी बराच वेळ एका लयीत चालत असे आणि वहीत लिटरमागे १९ ते २० किलोमीटर हा आकडा महिनोन्‌महिने टिकून होता. २०१८ च्या जूनमध्ये माझी बदली विमाननगरला झाली, अंतर सहा किलोमीटरवर आले आणि तिसऱ्यांदा टाकी भरेपर्यंत मायलेज १३ वर घसरले. गॅरेजमध्ये दाखवले तेव्हा "साहेब, इंजेक्टर गेलेत, चारही बदलावे लागतील," असे उत्तर मिळाले (इंजेक्टर म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा सोडणारे भाग) आणि खर्चाचा अंदाज पाच आकडी निघाला.

निर्णय घेण्यापूर्वी दिवाळीसाठी कोल्हापूरला जाणे झाले. निघताना खराडीत टाकी फुल केली होती, ती परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा फुल केली. ४९२ किलोमीटरना २२.५ लिटर डिझेल लागले होते, म्हणजे लिटरमागे जवळजवळ २२ किलोमीटर. जाताना खंबाटकीचा घाट चढूनही हा आकडा आला होता. इंजेक्टर खराब झालेल्या इंजिनाकडून हे होणे शक्य नव्हते. इंजिन ठणठणीत होते. बदलला होता तो माझा रोजचा प्रवास.

डिझेल इंजिनाची काटकसर कुठून येते हे पाहिले की ती कुठे हरवते हेही कळते. एक तर लिटरभर डिझेलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्के अधिक ऊर्जा असते. दुसरे, हवा खूप जास्त दाबली जात असल्याने इंधनातून मिळणाऱ्या उष्णतेचा मोठा हिस्सा कामी लागतो. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पेट्रोल इंजिनात वेग कमी ठेवायचा तर हवेच्या वाटेत झडप आडवी येते आणि त्या अरुंद वाटेतून हवा ओढण्यातच इंजिनाची काही शक्ती खर्च होते. डिझेल इंजिन मात्र हवा मोकळेपणाने घेते आणि फक्त डिझेलचे प्रमाण कमी-जास्त करते, म्हणून ऐंशीच्या वेगाने संथपणे चालताना, जेव्हा इंजिनावर भार थोडाच असतो, तेव्हा त्याची बचत सर्वाधिक जाणवते. माझ्या गाडीतील १२४८ सीसीच्या इंजिनाचा सर्वोच्च टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, मिनिटाला २००० फेऱ्यांना मिळतो आणि पाचव्या गिअरमध्ये ऐंशी-नव्वदच्या वेगाला इंजिन नेमके त्याच आसपास फिरत असते. कोल्हापूरच्या रस्त्यावर ते आपल्या घरच्या मैदानावर असते, असेच म्हणावे लागेल.

सहा किलोमीटरच्या प्रवासात यातले काहीच हाती लागत नाही. डिझेल इंजिन उष्णता कमी वाया घालवते, म्हणूनच ते तापायलाही वेळ घेते. जो गुण महामार्गावर उपयोगी पडतो, तोच सकाळच्या पहिल्या काही किलोमीटरमध्ये आड येतो. गार ऑइल घट्ट असते, घर्षण जास्त असते आणि तोवर डिझेल अधिक जळते. डिसेंबरमध्ये पुण्यातला पारा दहा-बारा अंशांवर असताना, माझे कार्यालय येईपर्यंत तापमानाचा काटा जेमतेम मध्यावर पोहोचत असे. संध्याकाळी पुन्हा तेच. रांजणगावला जाताना हा गार टप्पा ४२ किलोमीटरमध्ये विरघळून जात होता, विमाननगरला जाताना तोच संपूर्ण प्रवास होता. त्यात सिग्नलवर उभे राहणे आले. उभ्या गाडीतील चालू इंजिन तासाला साधारण अर्धा लिटर डिझेल पिते, एसी चालू असेल तर त्याहूनही अधिक, आणि त्या वेळात किलोमीटरचा आकडा जागचा हलत नाही. १८०० फेऱ्यांच्या खाली इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा टर्बो नीट साथ देत नाही, त्यामुळे गर्दीत हाफ क्लच आणि जास्तीचा अ‍ॅक्सिलरेटर हेही ओघाने आलेच.

गाडी घेताना कागदावर २२.९ किलोमीटर हा आकडा होता. तो खोटा होता असे मला कधीच वाटले नाही. वेताळ टेकडीवर फिरायला जाणारे पुणेकर जिला ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात, तिथल्या वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या ज्या संस्थेच्या (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) नावाने हा आकडा देशभर ओळखला जातो, तिची चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरावीक तापमानात, एसी बंद ठेवून होते. ती वीसेक मिनिटांची असते आणि तिच्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही. अशा चाचणीचा उपयोग दोन गाड्यांची एकाच मापाने तुलना करण्यासाठी आहे. आपल्या खराडी बायपासच्या चौकातील मायलेज ती सांगणार नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणे हीच आपली चूक आहे. महामार्गावर मला २२ मिळाले ते मी वेग ऐंशी-पंच्याऐंशीवर ठेवला म्हणून. ऐंशीऐवजी शंभरने गेल्यास हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो आणि तो वहीत लगेच दिसतो.

मोजण्याच्या पद्धतीविषयीही सांगायला हवे, कारण बहुतेक वाद तिथेच असतात. पंपाची नळी आपोआप बंद होते तिथेच थांबावे आणि शक्यतो त्याच पंपावर पुन्हा भरावे. पंधरा लिटरच्या भरण्यात एका लिटरची चूक झाली, तर मायलेजमध्ये सात टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, म्हणून एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. दुसरे म्हणजे लिटरमागे किलोमीटर हे माप आपल्याला फसवते. मायलेज २० वरून २२ वर गेले तर शंभर किलोमीटरमागे अर्ध्या लिटरहूनही कमी डिझेल वाचते. पण १२ वरून १४ वर गेले तर जवळजवळ सव्वा लिटर वाचते. फरक दोन्हीकडे दोनचाच, तरी शहरातले दोन किलोमीटर अडीचपटीहून अधिक मोलाचे ठरतात. मी वहीत पाचवा रकाना त्यासाठी घातला: शंभर किलोमीटरला लागलेले लिटर.

त्या रकान्याने मला आणखी एक गोष्ट दाखवली. रांजणगावच्या काळात उत्तम मायलेज असूनही महिन्याला सुमारे ९५ लिटर डिझेल लागत होते. आता मायलेज १३ असूनही कार्यालयाच्या वाटेवर वीसच लिटर लागत होते. मायलेज पूर्वीसारखे राहिले असते तर त्यातले सहा-सात लिटर वाचले असते. तेवढ्यासाठी मी चार इंजेक्टर बदलायला निघालो होतो.

गाडी घेतली तेव्हाचे गणितही आता तेच राहिलेले नाही. २०१२ मध्ये पेट्रोल आणि डिझेलच्या दरातील अंतर लिटरमागे तीस रुपयांपर्यंत गेले होते. जानेवारी २०१३ पासून डिझेलचे दर हळूहळू वाढत गेले, ऑक्टोबर २०१४ मध्ये ते नियंत्रणमुक्त झाले आणि आज ते अंतर तेव्हाच्या निम्म्याहून कमी आहे. पर्यावरणाच्या बाजूनेही लिटरची सरळ तुलना पुरत नाही. लिटरभर डिझेल जळून सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तर पेट्रोलमधून २.३ किलो; म्हणजे २० देणारी डिझेल गाडी आणि १७ देणारी पेट्रोल गाडी या बाबतीत सारख्याच. एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-सहा या प्रदूषणाच्या निकषात बसणाऱ्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि त्यात साठलेली काजळी जाळण्यासाठी इंजिन अधूनमधून जास्तीचे डिझेल वापरते. सतत छोटे प्रवास केले, तर हे जाळणे अर्धवट राहते आणि फिल्टर तुंबू लागतो. ज्यांचा रोजचा प्रवास पाच-सात किलोमीटरचा आहे, त्यांनी मला विचारले तर मी डिझेल गाडी घेऊ नका असेच सांगतो, आणि हे मी माझ्या गाडीवर मनापासून जीव असूनही सांगतो.

२०१९ च्या जानेवारीपासून मी कार्यालयात बहुतेक दिवस सायकलने जातो आणि वहीत सहावा रकाना आला आहे: गार इंजिन किती वेळा सुरू केले. विमाननगरच्या पहिल्या महिन्यांत तो आकडा चाळीसच्या वर भरला असता. गेल्या महिन्यात तो नऊ होता, त्यात एक कोल्हापूरची फेरी होती आणि महिन्याचे मायलेज १९.६ आले. इंजेक्टर अजून जुनेच आहेत.